पथ्य म्हणजे उपास नव्हे
कर्करोगाच्या उपचारकाळात वजन टिकविणे हाही उपचाराचाच भाग

नाशिक (प्रतिनिधी) : कर्करोगाचे निदान झाले, की घरात पहिली चर्चा होते खर्चाची आणि दुसरी पथ्याची. दूध बंद, भात बंद, साखर बंद, अंडी तर नकोतच, अशी यादी आप्तेष्ट आणि शेजारी मिळून तयार करतात. 'गाठीला खाऊ घालायचे नाही' ही त्यामागची समजूत. प्रत्यक्षात अन्न तोडले, तरी शरीर स्वतःचे स्नायू झिजवून त्यातून साखर तयार करते. उपासमार होते ती रुग्णाची, गाठीची नव्हे.

या उपासमारीची किंमत मोठी असते. केमोथेरपीच्या बहुतेक औषधांची मात्रा रुग्णाची उंची व वजन पाहून ठरते. अशक्तपणा वाढला, तर मात्रा कमी करावी लागते किंवा पुढची फेरी लांबते. तोंड व घशाच्या कर्करोगात रेडिओथेरपीसाठी चेहऱ्याच्या मापाचा मुखवटा बनवितात. रुग्ण रोडावला, की तो सैल होतो आणि किरणांची आखणी प्रसंगी नव्याने करावी लागते. तंबाखूमुळे हे कर्करोग महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आढळतात आणि नेमके याच रुग्णांना गिळणे सर्वांत अवघड जाते.

किती खावे?

सर्वसाधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या रुग्णाला सुमारे १२५० ते १५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, तर पेलाभर दुधातून ७ ते ८ ग्रॅम प्रथिने मिळतात. डाळी, पनीर, दाण्याचे कूट, मासे हेही चांगले स्रोत आहेत. महागडे डबे सर्वांनाच लागतात असे नाही. सुरगाणा-पेठ भागातील नागलीची दुधातली पेज, तूप घातलेली मूगडाळीची मऊ खिचडी, रव्याची खीर यांतूनही पोषण साधते. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

त्रास का होतो, काय करावे?

केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशींबरोबर तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि रक्त तयार करणारा अस्थिमज्जाही त्यात सापडतो.

मळमळ : तीन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खावे. फोडणीचा वास सहन होत नसेल, तर अन्न कोमट किंवा गार करून द्यावे. मात्र काही औषधांच्या, विशेषतः ऑक्सालिप्लॅटिनच्या, उपचारात गार पदार्थ टाळावे लागतात. उलटीवरची गोळी लिहून दिलेल्या वेळीच घ्यावी. उलटी होण्याची वाट पाहू नये.

तोंड येणे : एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ व एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चूळ भरावी. मिसळ, लोणचे, लिंबू, आंबट डाळिंब काही काळ दूर ठेवावे.

चव जाणे : तोंडाला धातूसारखी चव येत असल्यास स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा वापरून पाहावा.

जुलाब : जलसंजीवनी, ताक, मऊ भात, केळे द्यावे. जलसंजीवनी घरी करायची झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे.

जंतुसंसर्गापासून जपा

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पांढऱ्या पेशी बऱ्याचदा सर्वांत कमी असतात. या काळात रसवंतीवरचा रस, उघड्यावरचे पदार्थ, कापून ठेवलेली फळे, न तापविलेल्या दुधाचे पंचामृत वर्ज्य करावे. द्राक्षांच्या हंगामात घड समोर दिसले, तरी ती नीट धुतल्याशिवाय खाऊ नयेत. या दिवसांत केळी, संत्री अशी सोलून खाण्याची फळे बरी. पपनस काही औषधांच्या परिणामात ढवळाढवळ करते, त्यामुळे विचारूनच खावे. काढे व भस्मे घेत असल्यास तेही डॉक्टरांपासून लपवू नये.

प्रवासातला डबा

नाशिकमध्ये आता केमोथेरपी व रेडिओथेरपीची सोय आहे. तरीही पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जाणारे रुग्ण आहेत. तपासणीसाठी उपाशीपोटी येण्यास सांगितले नसेल, तर दिवसभर रिकाम्या पोटी राहू नये. दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, केळी आणि उकळून गार केलेले पाणी जवळ असावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असल्यास, दिवसभर पाणीही पोटात ठरत नसल्यास, जुलाब थांबत नसल्यास किंवा गिळणे अशक्य झाल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. गिळणे थांबल्यावर काही काळ नाकातून नळी घालून अन्न देतात. ती अखेरची घटका आल्याची खूण नसते. उपचार पूर्ण व्हावा यासाठीच ती घातली जाते. घरात आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर वजन करून वहीत टिपावे आणि ती वही प्रत्येक भेटीत डॉक्टरांना दाखवावी.