चमक झाडाची, चुंबक लोखंडाचं

संत्र्याच्या रसातून चमकणारे कण बनतात, हे ऐकून अनेकांना अतिशयोक्ती वाटते. पण 2012 मध्ये भारतीय संशोधकांनीच ते करून दाखवलं. टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या बंद पोलादी भांड्यात रस 120 अंश सेल्सिअसला तापवला, त्यातली साखर आणि आम्लं यांचं कार्बनीकरण झालं आणि जेमतेम काही नॅनोमीटरचे कार्बन डॉट्स तयार झाले. असं द्रावण उजेडात कोऱ्या चहासारखं तपकिरी दिसतं. अतिनील दिवा धरला की निळसर-हिरवं उजळतं. कॅडमियमसारखा विषारी धातू लागत नाही, हे त्याचं खरं मोल.

मात्र असे डॉट्स चुंबकीय गाभ्याला जोडून बनवलेल्या कणांना सरसकट 'वनस्पतिजन्य' म्हणणं मला पटत नाही. चुंबकत्व येतं मॅग्नेटाइटमधून, म्हणजे लोहक्षारांपासून बनवलेल्या लोह ऑक्साइडमधून. ते स्वतःच प्रकाश शोषतं आणि शेजारची चमक मारतं. म्हणून बऱ्याचदा मध्ये सिलिकाचा पातळ थर द्यावा लागतो. मग एवढा खटाटोप कशाला? कारण पाण्यातला पारा योग्य कणांना चिकटला की चमक मंदावते, म्हणजे प्रदूषण कळतं, आणि चुंबक लावून तेच कण परत गोळा करता येतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: प्रत्येक फळाचा रस वेगळा, त्यामुळे प्रत्येक घाण्याची चमकही वेगळी. हे मान्यच करायला हवं. तेव्हा 'हरित' या शब्दावर भुलू नका. कणांचं शुद्धीकरण कसं केलं आणि क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या प्रकाशापैकी चमक म्हणून परत मिळणारा वाटा, किती टक्के आहे, हे आधी पाहा.