पिछाडीचा खेळाडू

पांढुर्णा-सौंसर भागात संत्र्याचा बहार उतरला आणि वावरे मोकळी झाली, की आमची मुले चेंडू घेऊन बाहेर पडतात. मागील रविवारी संघ पाडताना एका बारा वर्षांच्या मुलास आम्ही पिछाडीस उभे केले. तो रडकुंडीस आला. “फादर, मले मांगं नाही खेळाचं. मांगच्याले कोन पाहाते?” असे म्हणून तो चक्क घरी निघून गेला.

त्याचा प्रश्न आमच्या मनात राहिला, म्हणून प्रिय वाचकांस आज महेश गवळी या गोमंतकीय बचावपटूची ओळख करून देण्याचे योजिले आहे.

१९८० साली जन्मलेल्या गवळींचे शिक्षण जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत झाले. पुढे ते कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल संघात गेले. जुलै २००३ मध्ये या संघाने जकार्ता येथे थायलंडच्या बीईसी तेरो सासना संघास ३-१ असे नमवून आसियान क्लब अजिंक्यपद जिंकले. गोल करणारे भुतिया, ओकोरो व आल्विटो लोकांच्या तोंडी राहिले. गोल होऊ न देणाऱ्यांची नावे मात्र शोधावी लागतात! गोव्यास परतल्यावर धेंपो संघातून त्यांनी २००९-१० व २०११-१२ या वर्षी आय-लीगचे विजेतेपद मिळविले.

दूरच्या चिली देशात लोकांची दृष्टी निराळी होती, असे दिसते. तेथील एलियास फिगेरोआ हा पिछाडीचाच खेळाडू १९७४, १९७५ व १९७६ अशी लागोपाठ तीन वर्षे दक्षिण अमेरिकेतील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. पेलेच्या खंडात हा मान बचावपटूस मिळावा, ही साधी गोष्ट नव्हे.

पिछाडीच्या खेळाडूची खरी कसोटी पराभवात लागते. २००८ साली ताजिकिस्तानला ४-१ असे हरवून भारताने एएफसी चॅलेंज चषक जिंकला, आणि त्यायोगे २७ वर्षांच्या खंडानंतर २०११ च्या आशियाई चषकात आपणांस प्रवेश मिळाला. दोहा येथे गेलेल्या त्या चमूत गवळी होते. ऑस्ट्रेलियाने चार, बहारीनने पाच, दक्षिण कोरियाने चार, असे तेरा गोल तीन सामन्यांत आपल्यावर चढले. आघाडीवाल्याची चूक लोक अर्ध्या तासात विसरतात. पिछाडीवाल्याची चूक गोलफलकावर लिहिली जाते. त्याच वर्षी गवळींनी आंतरराष्ट्रीय खेळातून निवृत्ती घेतली.

मैदान मात्र सुटले नाही. २०२३ साली बंगळूर येथील सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांस बंदी झाली, तेव्हा उपान्त्य व अंतिम सामन्यांत संघाची सूत्रे साहाय्यक गवळींच्या हाती आली. लेबनॉनला पेनल्टींवर हरविले. ४ जुलै रोजी कुवेतविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टींवर भारत ५-४ असा विजयी ठरला. शेवटचा फटका गोलरक्षक गुरप्रीतने अडविला. अडविण्यानेच चषक आला, हे आमच्या त्या रुसलेल्या गड्यास सांगावयाचे आहे.

काल सायंकाळी त्यास घरी जाऊन आम्ही हे सारे ऐकविले. त्याने शांतपणे ऐकून घेतले व विचारले, “पन दोहाले त्यायनं गोल किती केले?” एकही नाही, असे आम्ही सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सौंसरच्या पोरायसंगं म्याच कवा हाय?”