जावा प्रोग्राम हळू चालतोय? आधी मोजा, मग बदला



मुलाचा जावा प्रोजेक्ट अडखळला की "नवा लॅपटॉप घ्या" ही मागणी ठरलेली. जरा थांबा! आपल्या भंडाऱ्यात शेवटच्या बांधीत पाणी पोहोचलं नाही, तर शेतकरी लगेच नवा पंप आणत नाही. पाट कुठे फुटलाय ते आधी बघतो. प्रोग्रामचा पाट तपासणारं साधन म्हणजे प्रोफायलर.

व्हिज्युअलव्हीएम मोफत मिळते. प्रोग्राम चालू असताना त्यातले 'सॅम्पलर' उघडून 'सीपीयू' निवडा. प्रोग्राम कोणत्या मेथडमध्ये आहे, याची ते थोड्या-थोड्या वेळाने नोंद घेते. जी मेथड वारंवार दिसते, वेळ तिथेच जातोय. 'मेमरी' निवडल्यास कोणते ऑब्जेक्ट साचताहेत ते कळते.

नेहमी सापडणारी गळती म्हणजे लूपमध्ये += ने स्ट्रिंग जोडणे. स्ट्रिंग बदलत नाही, म्हणून दर फेरीत जुना मजकूर पुन्हा कॉपी होतो. 10 अक्षरांच्या 1 लाख ओळी जोडल्या, तर मजकूर 10 लाख अक्षरांचा. पण कॉपी होतात सुमारे 5,000 कोटी! इथे स्ट्रिंगबिल्डर वापरा.

एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. लॅपटॉपचा खर्च कदाचित वाचेल. अंदाजाऐवजी पुरावा बघायची सवय मात्र नक्की लागेल.