इंग्रजी शिकायचं, पण कुठलं?

महाडला माझं वह्या-पुस्तकांचं छोटंसं दुकान आहे. कविता लिहिणं हा माझा छंद आणि दुकान हे पोट. काही वर्षांपूर्वीची जूनमधली गोष्ट. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या गावातून एक ताई पुस्तक परत करायला आल्या. म्हणाल्या, “चाचा, हे बदलून द्या. शाळेतल्या बाई म्हणतात, हे आपलं इंग्रजी नाही.”

चूक माझीच होती. बालभारतीची तेव्हा एकाच इयत्तेसाठी इंग्रजीची दोन पुस्तकं यायची. मराठी शाळांसाठी ‘माय इंग्लिश बुक’ आणि इंग्रजी माध्यमासाठी ‘इंग्लिश बालभारती’. मी न विचारताच दुसरं दिलं होतं. पुस्तक बदलून दिलं, तरी ताई हलेनात. “इंग्रजी ते इंग्रजी. त्यात आपलं नि त्यांचं असतं का? आणि पुढच्या वर्षी पोरीला सेमीत घालू की इंग्लिश मीडियमला, तेवढं सांगा.”

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. आज देऊन पाहतो.

पहिला गोंधळ आकड्यांचा. मराठी माध्यमाच्या दहावीच्या प्रश्नपत्रिकेवर इंग्रजी ही ‘तृतीय भाषा’ असते, इंग्रजी माध्यमाच्या मुलाला तीच ‘प्रथम भाषा’. त्रिभाषा सूत्र १९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आलं. हे आकडे शाळेच्या सोयीचे आहेत, त्यांचा मुलाच्या जिभेशी संबंध असेलच असं नाही. माझंच पाहा. घरी आमची कोकणी बोली, शाळेत मराठी, मदरशात अरबी अक्षरं, मौलवीसाहेबांकडून उर्दू, सिनेमामुळे हिंदी. पाचवीत इंग्रजी आलं तेव्हा ती माझी सहावी भाषा होती, कागदावर मात्र तिसरी.

भाषाशिक्षणाचे अभ्यासक ‘दुसरी भाषा’ म्हणतात, तेव्हा ते असं मोजत नाहीत. ते विचारतात, वर्गाबाहेर ही भाषा मुलाच्या कानावर पडते का? दुकानात, कचेरीत, कामावर ती लागते का? लागत असेल तर ती दुसरी भाषा. वर्गाच्या दाराशीच संपत असेल तर परकीय भाषा. ब्रज काचरू या काश्मिरी भाषाशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात इंग्लंड-अमेरिकेसारखे देश, बाहेरच्यात भारतासारखे, जिथे राज्यकारभारामुळे इंग्रजी रुजलं, आणि तिसऱ्यात चीन-जपानसारखे. हैदराबादच्या विद्यापीठाचं नावच बघा, ‘इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ’. म्हणजे इंग्रजी एका बाजूला आणि परकीय भाषा दुसऱ्या बाजूला. सरकारदरबारी इंग्रजी परकं नाही.

पण देश एका वर्तुळात बसला म्हणून गाव बसतंच असं नाही. मुंबईत इंग्रजी दुसरी भाषा असेल. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीत मात्र ते अजून बरंचसं परकीयच आहे. जून २००० पासून महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, पण वाडीतल्या पोरीला ते तासाबाहेर ऐकू येत नाही. तिथे सगळं इंग्रजी वर्गानेच पुरवायला हवं. बाईंनी धडा वाचून मराठीत अर्थ सांगितला, तर पोरीच्या कानावर पुन्हा मराठीच पडते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या पिढ्या शिकल्या. त्या पद्धतीने वाचता आलं, तोंड मात्र उघडलं नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि दक्षिण भारतातल्या इतर ठिकाणच्या साध्या शाळांत वेगळा प्रयोग केला. व्याकरण बाजूला ठेवून मुलांना कामं दिली. नकाशा वाचा, गाडीचं वेळापत्रक बघून कुठली गाडी पकडायची ते ठरवा. डोकं कामात गुंतलं की भाषा वापरावीच लागते. पोलादपूर स्टँडवरच्या एसटीच्या वेळापत्रकावरसुद्धा असा तास घेता येईल.

दुसरा गोंधळ एका प्रत्ययाचा. इंग्रजी शिकणं वेगळं आणि इंग्रजीतून शिकणं वेगळं. ‘तून’ लागलं की इंग्रजी हा विषय राहत नाही, ते माध्यम होतं. सेमीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून. इंग्लिश मीडियममध्ये मराठी हा विषय सोडला की बहुतेक सगळं इंग्रजीतून. माध्यमाचा धोका असा, की भाषा कळली नाही तर विषयही जातो. अपूर्णांक न कळणारं मूल गणितात कच्चं आहे की इंग्रजीत, हे मास्तरांनाही ओळखता येत नाही. कॅनडात १९६५ मध्ये माँट्रियलजवळ इंग्रजी घरांतल्या मुलांना फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग झाला आणि तो यशस्वी ठरला. पण त्या मुलांची घरची भाषा भक्कम होती आणि शिक्षक दोन्ही भाषा जाणत होते. पाटी बदलली म्हणून या दोन गोष्टी आपोआप येत नाहीत.

तिसरा प्रकार कामापुरत्या इंग्रजीचा. अभ्यासक त्याला ‘विशिष्ट हेतूंसाठी इंग्रजी’ म्हणतात. महाडच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत. पिंपावर कधी ‘फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं, कधी ‘इन्फ्लेमेबल’. शाळेत आपण शिकतो की ‘इन’ लागलं की अर्थ उलटा, जसं करेक्ट आणि इन्करेक्ट. इथे मात्र दोन्हींचा अर्थ एकच, पेट घेणारं. हे ज्याला कुणी सांगितलं नाही, तो ‘इन्फ्लेमेबल’ पिंपाजवळ निर्धास्तपणे बिडी पेटवील. त्याला निबंध आला नाही तरी चालेल, हा शब्द यायलाच हवा.

आमच्या कोकणी मुसलमानांत जहाजावर जाण्याची जुनी रीत. माझ्या भाच्याला जहाजावर जायचं होतं. मी, बी.ए. झालेला मामू, त्याला एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासला घातलं. तीन महिने तो ‘स्वतःची ओळख करून द्या’ घोकत राहिला. मुलाखतीत त्याला एक निरोप ऐकून तसाच पुढे सांगायला लावला. ‘फिफ्टीन’चं त्याने ‘फिफ्टी’ केलं आणि वर्ष गेलं. क्लासने फी घेताना विचारलं नाही की हा मुलगा कशासाठी शिकतोय. मीही विचारलं नव्हतं. नंतर शेजारच्या एका निवृत्त खलाशाने त्याला शिकवलं की जहाजाचं इंग्रजीच निराळं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये त्याची ठरावीक वाक्यं मंजूर केली आहेत. त्यात पंधरा म्हणजे ‘वन-फाइव्ह’ आणि पन्नास म्हणजे ‘फाइव्ह-झीरो’. ‘मे’, ‘कुड’ असे दुहेरी अर्थाचे शब्द टाळायचे. कवी दुहेरी अर्थावर जगतो, पण जहाज त्याने बुडू शकतं. पुढच्या वर्षी भाचा जहाजावर गेला.

तेव्हा ताई, आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांनाच सांगतो, फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. इथे इंग्रजी शिकवणार की इंग्रजीतून शिकवणार? वर्गात बोलणार कोण, नुसत्या बाई की पोरंही? आणि हे इंग्रजी पोरीला पुढे कुठे लागणार? शाळेत किंवा क्लासमध्ये या तिन्हींची उत्तरं सरळ मराठीत मिळाली नाहीत, तर दारावरची इंग्रजी पाटी पाहून भुलू नका.

त्या ताईंनी पोरीला गावच्याच शाळेत ठेवलं. दर जूनला त्या येतात आणि आता त्याच मला आधी बजावतात, “चाचा, आपलं इंग्रजी द्या हं.”