बोंबील, बांगडा आणि पोटातले बाळ

पावसाची उघडीप होऊन उन्हे स्थिरावली की धाकट्या डहाणूच्या किनाऱ्यावर बांबूंचे मांडव उभे राहतात, आणि डोलीच्या जाळ्यातून उतरलेले बोंबील, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने, मांगेली बायका मांडवांच्या दोऱ्यांवर इतक्या सफाईने टाकीत जातात की पाहणारा तेथे खिळूनच राहतो. बोंबलाच्या अंगात पाणी फार, चरबी अल्प. म्हणूनच तो निर्धोक वाळतो. तारली वा बांगडा यांच्या अंगची स्निग्धता मात्र हवेच्या संयोगाने लवकर खवट होते. सबब पावसाळ्याच्या बेगमीत बोंबलाचाच भरणा अधिक, आणि जून-जुलैच्या मासेमारीबंदीत गरोदर बाईच्या कालवणातील स्निग्धांश बहुतांशी बाटलीतल्या तेलाचा असतो, माशाचा नव्हे.

हा भेद क्षुल्लक नाही. गर्भाच्या मेंदूची व डोळ्यांच्या पडद्याची घडण ज्या दीर्घशृंखल मेदाम्लांनी होते, त्यांचा संचय मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत होतो. ती तेलकट मासळीत विपुल असतात, आणि वनस्पतितेलापासून शरीर ती अत्यल्पच बनवू शकते. ज्या बाईचे हे महिने पावसात येतात, तिच्या ताटाकडे मी म्हणूनच अधिक बारकाईने पाहतो.

परंतु मुलाच्या पुढील आयुष्यातील मधुमेहाचा विचार केवळ माशाच्या तेलाने सुटत नाही. परदेशी प्रयोगांत गर्भवतींना हे तेल दिले, तरी मधुमेहाकडे नेणारा मुलांचा लठ्ठपणा त्यामुळे कमी झालेला आढळला नाही. याविषयी अधिक मोलाची साक्ष आपल्याच मुलखातली आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास आरंभिला. सुमारे ४२ किलो वजनाच्या त्या मातांची अर्भके सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनची ३.५ किलोची, तरीही चिमट्याने मोजलेला पाठीच्या फऱ्याखालील मेदाचा थर आपल्या किरकोळ अर्भकांत इतर मापांच्या मानाने पुष्कळ राखलेला होता. स्नायू उणे, मेद शाबूत, अशा देहाला पुढे रक्तातील साखर आवरणे जड जाते. त्याच गावांत गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्याला अधिक स्निग्धांश खाणाऱ्या मातांची बाळे लांबीने व वजनाने सरस निघाली, आणि दूध, पालेभाज्या व फळे यांचाही संबंध बाळाच्या वाढीशी घट्ट दिसला. उलटपक्षी उंदरांच्या मादीला अतिमेदाचा आहार दिला की तिच्या पिलांत इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती बळावते. म्हणजे उणीव आणि अतिरेक, दोन्ही बाजूंनी धोका आहे. आणि आपल्या तालुक्यांत उणीव जुनी, तर पाकीटबंद तळलेल्या जिनसांचा अतिरेक नवा.

ज्या डहाणू तालुक्यात ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम मांडले, तेथे आणि शेजारच्या तलासरीत आज अंगणवाडीतून गर्भवतींना अमृत आहार योजनेची गरम थाळी मिळते, तीत शेंगदाण्याचा लाडू व अंडे असते. ही तजवीज चांगलीच आहे. मासळी मिळते त्या महिन्यांत किनाऱ्यावरच्या थाळीत आठवड्यातून दोनदा तारलीची जोड द्यावी, आणि दप्तरात बाळाच्या वजनासोबत आईचे गरोदरपणापूर्वीचे वजनही नोंदवावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. कारण मुलाच्या देहाचा पाया त्याची आई चौदा-पंधरा वर्षांची मुलगी असतानाच भरला जाऊ लागतो, आणि त्या वयात तिच्या ताटात काय पडते हे अद्याप फारसे कोणी विचारीत नाही.