अंधार बावींत कीं डोळ्यांत?

पन्हाळगडावरील काळ्या दगडाच्या अंधारबावींत भर दुपारच्या उन्हांतून उतरणारा मनुष्य पहिल्या क्षणीं चांचपडूं लागतो. तोच तेथें दहा-पंधरा मिनिटें स्वस्थ उभा राहिला, तर पायऱ्या, कमानी व भिंतींचे सांधे त्यास एकेक करून दिसूं लागतात. तेवढ्या वेळांत बावींतला उजेड वाढला काय? मुळींच नाहीं. प्रकाश होता तितकाच आहे. पालटला तो पाहणाराचा डोळा.

दगडावरून परतलेला प्रकाश डोळ्यांत शिरेल तेव्हांच दगड दिसावयाचा. म्हणून उजेड कमी होतांच बाहुली मोठी होते. उन्हांत सुमारें २ मिलिमीटर असणारी ती तरुणपणीं ७-८ मिलिमीटरपर्यंत फांकते. परंतु हें काम कांहीं क्षणांत आटोपतें. खरी तयारी डोळ्यांतील पडद्यावर व्हावयाची असते. तेथील सुमारें ६० लक्ष शंकुपेशी भर उजेडांत रंग ओळखतात. मंद प्रकाशांत पाहण्याचें काम सुमारें १२ कोटि दंडपेशींकडे असतें. ह्या दंडपेशींतील जांभळट रंगद्रव्य उन्हानें विटतें, व तें पूर्ववत् होण्यास अर्धा तास तरी लागतो. हें द्रव्य बनतें ‘अ’ जीवनसत्त्वापासून, आणि तें जीवनसत्त्व अन्नांतूनच मिळावें लागतें.

ज्या मुलाच्या पोटांत तें जात नाहीं, त्यास रोजची तिन्हीसांज अंधारबावीसारखी होते, आणि कितीही थांबलें तरी पायरी दिसत नाहीं. ह्यासच आपण रातांधळेपणा म्हणतों. दिवेलागणीस ठेंचाळणाऱ्या पोरास वेंधळें म्हणून दटावणें, किंवा त्याची दृष्ट काढीत बसणें, म्हणजे निरपराध्यास शिक्षा देऊन खऱ्या गुन्हेगारास मोकळें सोडणें होय. अशा उपेक्षेनें पुढें बुबुळ नासून कायमचें अंधत्व येतें.

उपाय महाग नाहीं. शेवग्याचा पाला, मेथी, पपई, लाल भोपळा, दूध, अंडीं हे जिन्नस आपल्या बाजारांत आहेतच. शिवाय ह्या अंधत्वाविरुद्ध १९७० सालीं राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला असून, नवव्या महिन्यापासून पांच वर्षांपर्यंत बालकांस ह्या जीवनसत्त्वाच्या ९ मात्रा सरकारी आरोग्यकेंद्रांत मोफत पाजल्या जातात. आमच्या व्यापारी बंधूंनीं स्वतःच्या घरींच नव्हे, तर आपल्या हमालांच्या व नोकरांच्या घरींही त्या पोंचतात कीं नाहीं, ह्याची चौकशी करावी. दुकानांत दिवे वाढविण्यास जो खर्च येतो, त्याच्या शतांशही ह्या चौकशीस येणार नाहीं.