रात्रशाळेतला जीएसटी

साडेसहाची घंटा होते तेव्हा निम्मे बाक रिकामेच असतात. कुरियरवाल्याची शेवटची पाकिटं राहिलेली असतात, धुणीभांडी करणाऱ्या मावशींचं एक घर उरलेलं असतं. त्यामुळे परळकडच्या ज्या रात्रशाळेत मी दहावीला गणित शिकवतो, तिथे पहिल्या तासाला कालचंच पुन्हा घेतो. नवा धडा आठला. नऊनंतर फळ्याकडे नुसते डोळे लागलेले असतात.

जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली ती १८५५ साली. आमची शाळा त्याच वाटेवरची, पण इमारत दिवसा दुसऱ्या शाळेची. बाकही तिच्याच मुलांच्या मापाचे. मावशी आडव्या बसतात.

‘अर्थनियोजन’ हा धडा आला की मात्र वर्ग जागा होतो. त्यात जीएसटी आहे. ८४० रुपयांच्या बिलावर ५ टक्के किती, हे फळ्यावर लिहून व्हायच्या आत कॅन्टीनमधला पोऱ्या म्हणतो, “बेचाळीस. एकवीस केंद्राचे, एकवीस राज्याचे.” गल्ल्यावर रोज हेच करतो तो. पण वहीत करपात्र किंमत, दर, सीजीएसटी, एसजीएसटी असं ओळीनं मांडायला सांगितलं की अडतो. “सर, उत्तर आलं ना!” उत्तर आलं, पण पायऱ्यांचे गुण गेले, हे त्याला काही केल्या पटत नाही. मलाही पटवताना जरा ओशाळल्यासारखं होतं.

त्यात मावशींचा हात चालत नाही. सोड्याच्या पाण्यानं बोटांची सालं निघालेली, पेन घट्ट धरवत नाही. बोर्डाचा गणित भाग १चा पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. म्हणून मी आता गणितं कमी देतो आणि एकच गणित सगळ्या पायऱ्यांसकट पुन्हा पुन्हा लिहून घेतो. अभ्यासक्रम रेंगाळतो, रेंगाळू दे.

‘मनात असलं की वेळ काढता येतो’ असं म्हणणाऱ्यांना मी मार्चमध्ये शाळेत बोलावीन. वर्ग रात्री भरतात, बोर्डाचा पेपर सकाळी अकराला. कॅन्टीनची गर्दी बाराला. हॉल तिकीट हातात पडताच मुलं आधी वेळापत्रकाचा फोटो मालकाला पाठवतात. कुणाला सुट्टी मिळते, कुणाचा पगार कापतात. कुणी गावी आजारी आजी तयार ठेवतो, आणि मालकालाही ती आजी ठाऊक असते.